पिण्यायोग्य पाणी

शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये कौमुदी भेटली. डब्लिनच्या सँट्री भागातल्या आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर राहते, मी पाचव्या, एवढीच ओळख. दिवाळीला तिच्याकडून डबा येतो आणि मी तो धुऊन परत करते. तिच्या हातात इडलीच्या पिठाची पिशवी होती. माझ्या खांद्यावर कॅम्पची हिरवी बॅग होती, तिच्याकडे बघून ती म्हणाली, ‘अगं रेवती, भेटायचंच राहिलं तुला. काकूंचं कळलं. आम्ही मागच्या महिन्यात लेटरकेनीला गेलो होतो ना, पियूषच्या मित्राकडे, तिथे तुझा भाऊ भेटला. शिरीषदादा सांगत होता, तुमच्या सैन्यात म्हणे फोनसुद्धा जमा करून घेतात. आई जातेय आणि मुलीला कळवतासुद्धा येत नाही. कसं सहन केलंस गं? मी तर वेडी झाले असते.’ लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. तिनं दारात पाय ठेवून ते अडवून धरलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला. माझ्या तोंडून ‘हं’ असा काहीतरी आवाज निघाला. ती गेली. दार लागलं. पाचवा मजला आला, दार उघडलं, पुन्हा लागलं, आणि मी आतच उभी होते. खाली जाणारी लिफ्ट कुणीतरी बोलावली तेव्हा मला कळलं की मी बाहेर पडलेच नव्हते.

फोन जमा करून घेत नाहीत. माझा फोन माझ्या पँटच्या डाव्या मांडीवरच्या खिशात होता, संपूर्ण कॅम्पभर. बटणाचा खिसा आहे तो, चालताना फोन मांडीवर आपटतो. ऑगस्टमधल्या त्या दोन आठवड्यांत मी त्याच फोनवरून आईला फोटो पाठवले होते: पाण्याचा ट्रेलर, स्वयंपाकाच्या तंबूसमोर रांगेत ठेवलेले हात धुण्याचे नळ, टोपीतली मी. पहिले तीन-चार दिवस तिची उत्तरं आली. ‘वजन कमी केलंस का?’ ‘टोपी सरळ घाल.’ मग उत्तरं बंद झाली. मी शिरीषला विचारलं, आई कुठेय? त्यानं लिहिलं, पोट जरा बिघडलंय, झोपलीय, ग्रँड आहे, म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे. मी विचारलं, किती वेळा जावं लागतंय? रक्त आहे का? त्यानं लिहिलं, नाही गं, मी डॉक्टर आहे ना घरात. आणि मी फोन खिशात घालून बटण लावलं आणि तीनशे माणसांचे संडास बघायला गेले. तो कॅम्प डोनेगलच्या किनाऱ्यावर होता. आई पुण्याहून शिरीषकडे राहायला आली होती, त्या घरापासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. शेवटी त्यानं फोन केला तेव्हा आईच्या किडन्या थांबल्या होत्या आणि तिच्या घशात नळी होती. मी पोचले तेव्हा तिचे डोळे अर्धवट उघडे होते, पण ते कुणाकडे बघत नव्हते. संध्याकाळी ती गेली. त्या वेळी मी काही विचारलं नाही. मरणाच्या घरात लोक एकमेकांना जे सांगतात ते मीही ऐकून घेतलं: फार झपाट्यानं झालं, कुणाच्या हातात नव्हतं. तीन महिने मी तेच स्वतःला सांगत होते. आणि आता कळत होतं की माझ्या भावानं माझ्या वाट्याची एक गोष्ट तयार केली आहे, ती लोकांना वाटली आहे, आणि ती इतकी चांगली गोष्ट आहे की लोक माझ्या दंडावर हात ठेवतात.

रविवारी मला त्याच्याकडेच जायचं होतं. आईचा वाढदिवस होता, बहात्तरावा झाला असता, म्हणून त्यानं त्याच्या हॉस्पिटलातल्या मराठी मंडळींना जेवायला बोलावलं होतं. शनिवार-रविवार माझ्या तुकडीचा सराव पुन्हा त्याच किनाऱ्यावरच्या कॅम्पमध्ये होता, रविवारी दुपारी सुटले की सरळ लेटरकेनी. शुक्रवारी रात्री त्याचा मेसेज आला: ‘कपडे बदलत बसू नकोस, सरळ युनिफॉर्ममध्येच ये. सगळ्यांना बघायचंय. आईला आवडलं असतं.’ कौमुदी भेटली नसती तर मला ते वाचून बरं वाटलं असतं. आता मी ते वाचलं आणि मला दिसलं की त्याला मी नको आहे, युनिफॉर्म हवा आहे. त्याच्या गोष्टीतला पुरावा म्हणून मी दिवाणखान्यात उभी राहायला हवी आहे.

माझं काम लोकांना समजावून सांगणं कठीण आहे. सोमवार ते शुक्रवार मी उत्तर डब्लिनमधल्या हॉटेलांची, शाळांची, पाळणाघरांची स्वयंपाकघरं तपासते. नागरिकत्व मिळाल्यावर मी राखीव सैन्यात नाव घातलं, आणि तिथे वैद्यकीय तुकडीत मी जवळजवळ तेच काम करते, फक्त चिखलात. पाणी, अन्न, संडास, कचरा, उंदीर. इतक्या माणसांना इतके दिवस एका माळावर ठेवायचं तर खड्डा कुठे खणायचा, वारा कुठून येतो, पाणी कुठल्या बाजूनं वाहतं. माझा हुद्दा कॉर्पोरल. आई पुण्यात सोसायटीतल्या बायकांना ‘कॅप्टन’ सांगायची. पहिल्यांदा तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिनं चहाचा कप खाली ठेवला होता. ‘म्हणजे सैन्याचे संडास बघतेस?’ ‘बघते.’ ‘तुझा भाऊ डॉक्टर, आणि तू...’ मग तिनं कप पुन्हा उचलला. ‘बरं. मी कुणाला सांगणार नाही.’ पण मी तिला एकदा म्हटलं होतं की जुन्या लढायांत गोळ्यांपेक्षा जुलाबानं जास्त सैनिक मेले. ते तिला फार आवडलं. शाळेत इतिहास शिकवायची ती. तीस वर्षं मुलांना तहांची कलमं पाठ करायला लावली, आणि हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं म्हणून चिडलीही. नंतर ती ते सगळ्यांना ऐकवत असे, हास्यक्लबात, नातेवाइकांच्या लग्नात. ‘आमची रेवती म्हणते, तलवारीचं काय घेऊन बसलात, आधी पाणी उकळा.’

शनिवारी सकाळी समुद्रावरून आडवा पाऊस येत होता. नव्या भरतीची पोरं तंबूंच्या दोऱ्या आवळत होती. मी पाण्याच्या ट्रेलरपाशी गेले, नळ मिनिटभर वाहू दिला, छोट्या काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात गोळी टाकली आणि रंग यायची वाट बघत उभी राहिले. गुलाबी यायला हवा. जेमतेम आला, म्हणजे आला असं म्हणायची इच्छा असेल तरच आला. स्वयंपाकाच्या तंबूतून सार्जंट कॉन बाहेर आला. तो एरवी शाळेची बस चालवतो आणि सरावाला आला की दोनशे माणसांचं सूप करतो. ‘आली बघा नळांची राणी,’ तो ओरडला. ‘काय म्हणतंय आमचं पाणी, महाराणी?’ ‘तुमचं पाणी काहीच म्हणत नाही, सार्जंट. त्यात क्लोरीन नाही. रिकामं करा.’ ‘सगळं? सूप चढवायचंय मला!’ ‘सगळं.’ तेवढ्यात लेफ्टनंट आला, तरुण पोरगा, बँकेत काम करतो. तो म्हणाला, ‘दीड दिवसाचा तर सराव आहे, कॉर्पोरल. जास्तीच्या गोळ्या टाकून भागणार नाही का?’ मी त्याला म्हणाले की टाकी धुवावी लागेल आणि मग भरावी लागेल, आणि तोपर्यंत हे पाणी पिण्यायोग्य आहे असं मी म्हणणार नाही. तुम्हाला म्हणायचं असेल तर तुमच्या नावानं म्हणा. माझा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. तो लाल झाला आणि टाकी रिकामी करायला सांगून निघून गेला. एका पोरानं तेवढ्या वेळात त्याच नळावर बाटली भरली होती. मी ती त्याच्या हातातून घेऊन गवतावर उपडी केली आणि मग सगळ्यांना त्या पावसात जवळ बोलावून सांगितलं की ट्रेलरवरची ‘पिण्यायोग्य पाणी’ ही पाटी कशासाठी आहे, ही गोळी काय करते, हा रंग का बघायचा, आणि न बघता पाणी प्यायलं तर आतड्यात नेमकं काय होतं. नेहमी सांगते त्यापेक्षा जास्त सांगितलं. त्यांतला एक फिकट पडला.

नंतर कॉननं मला चहाचा मग आणून दिला. ट्रेलरच्या आडोशाला आम्ही उभे होतो. ‘तुझ्या आईचं कळलं,’ तो म्हणाला. ‘ऑगस्टमध्येच ना? आपण इथेच होतो तेव्हा.’ मी हो म्हणाले. तो चहाकडे बघत होता. ‘एक विचारू? राग मानू नकोस. लेटरकेनी इथून तासाचा रस्ता. तू सांगितलं असतंस तर मी स्वतः गाडी काढून सोडलं असतं तुला. कुणी अडवलं नसतं. माझी म्हातारी गेली तेव्हा कर्नलनं मला दाढीसुद्धा करू दिली नाही, जा म्हणाला आधी.’ ‘मला माहीत नव्हतं, कॉन.’ ‘तुझा भाऊ डॉक्टर आहे ना?’ ‘हो.’ ‘त्याला माहीत असणार.’ ‘हो.’ या देशातली माणसं अशा वेळी हवेबद्दल बोलतात, तसं त्यानं केलं नाही, आणि त्यासाठी मी त्याची आभारी आहे. तो एवढंच म्हणाला, ‘मग तर हे बरोबर नाही,’ आणि चहाचा मग घेऊन आत गेला. तीन महिन्यांत मला हे सांगणारा तो पहिला माणूस.

रात्रभर तंबूचं कापड फडफडत होतं आणि मी शिरीषशी बोलत होते, मनातल्या मनात, मोठमोठी वाक्यं. आम्ही दोघं कधीच भांडलेलो नाही. बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होते आणि तो मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला; त्या दिवसापासून घरात तो ठरवणारा आणि मी विचारणारी. कॉलेज कुठलं घ्यायचं, पासपोर्ट कधी काढायचा, आयर्लंडला यायचं का. त्यानं ठरवलेलं बहुतेक वेळा बरोबरच निघालं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्यानं लेटरकेनीच्या बाहेर टेकडीवरचं ते घर घेतलं तेव्हा पहिल्यांदा मी त्याला काही सांगितलं. तिथे नळयोजना नाही, घराला स्वतःची बोअर आहे, आणि खालच्या-वरच्या सगळ्या शेतांत गुरं. पावसाआधी शेतकरी शेणाचं पातळ खत फवारतात आणि पाऊस ते जमिनीत नेतो. खासगी बोअरच्या पाण्याची इथे कुणावर जबाबदारी नसते. ज्याचं घर त्याचं पाणी. मी त्याला म्हटलं, आधी गाळणी आणि जंतू मारणारा निळा दिवा बसव, मग राहायला जा. त्यानं हसून बसवला. स्वयंपाकघरात सिंकच्या खालच्या कपाटात, ज्याला इथे सगळे प्रेस म्हणतात, स्टीलच्या नळकांड्यात तो दिवा रात्रंदिवस जळतो आणि घरातलं सगळं पाणी त्याच्यासमोरून जातं. आई आजारी पडल्यावर तिकडची आरोग्य अधिकारी आली, ब्रीज नावाची. माझ्याच खात्यातली, माझ्या ओळखीची. तिनं नमुने घेतले. बोअरच्या कच्च्या पाण्यात जंतू निघाले, तसे अर्ध्या काउंटीत निघतात. पण नळाचं पाणी स्वच्छ होतं. दिवा चालू होता. त्यामुळे पाण्यावरचा संशय गेला आणि गावातल्या एका देशी दुकानातल्या कोथिंबिरीवर आला. तिथेही काही सापडलं नाही. कारण निश्चित करता आले नाही, असं म्हणून प्रकरण मिटलं. मी नातेवाईक असल्यामुळे त्यापासून दूर राहायला हवं होतं, आणि मी राहिले.

रविवारी अडीचच्या सुमाराला मी त्याच्या दारात गाडी लावली. तेव्हा मी युनिफॉर्ममध्येच होते. बदलायचे कपडे मागच्या सीटवर होते. का बदलले नाहीत ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित त्याला हवा असलेला पुरावा त्याच्यासमोर नेऊन ठेवायचा होता. दार निवेदितानं उघडलं, माझ्या वहिनीनं. तिनं मला मिठी मारली आणि बिल्ला टोचला म्हणून मागे सरली. आत पंधरा-वीस माणसं होती, सोफ्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, ताटं मांडीवर घेऊन. मटारची उसळ, पुऱ्या, शिरा. टीव्हीच्या बाजूला आईचा फोटो, त्याला हार, समोर उदबत्ती. फोटो मी ओळखला. मीच काढला होता, त्यात ती मला काहीतरी रागावून सांगत होती, आणि तो रागावण्याचा भाग कापून फक्त चेहरा ठेवला होता. शर्वाणी, सात वर्षांची माझी भाची, पळत आली आणि माझे बूट बघून म्हणाली, ‘आत्या, युअर बूट्स आर मँकी!’ ‘घाण नाही, नुसता चिखल आहे गं. काढते.’ ‘नो, लीव्ह देम, दे आर डेडली.’ डेडली म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत झकास. तेवढ्यात आतून डॉक्टर रविकांत उठले. हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करतात, साठीला आलेले, मंडळातले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी ताट हातात तसंच धरून टाचा जुळवल्या. ‘जय हिंद! की इथे दुसरं काही म्हणायचं असतं?’ सगळे हसले. ‘बस, बस. तुझ्याबद्दल ऐकून आहोत आम्ही. आम्ही नुसते पगारासाठी आलेले लोक, बाबा. तू या देशासाठी उभी राहिलीस. आई शेवटच्या घटकेला आहे आणि पोरगी कर्तव्यावर. फोन नाही, काही नाही. असं आता कुठे बघायला मिळतं?’ कोपऱ्यातली एक बाई डोळे पुसत होती. दुसरी म्हणाली, ‘आणि त्या दुकानदाराला काही शिक्षा नाही. आम्ही तरी कोथिंबीर घेणं बंदच केलं तिथून. सगळ्यांनीच केलं. आता तो दुकान विकतोय म्हणे. बरं झालं.’

शिरीष स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात पुऱ्यांचं ताट. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे. मी म्हणाले, ‘फोन माझ्याजवळ होता, काका.’

‘काय?’ रविकांत म्हणाले.

‘फोन काढून घेत नाहीत. माझ्या खिशात होता. याच खिशात.’

खोलीत कुणाचा तरी चमचा वाजला. शिरीष हसला, फार छान हसतो तो, पेशंट त्याच्यावर जीव टाकतात. ‘अहो म्हणजे सिग्नल नव्हता तिथे. ही आपली सगळं शब्दशः घेते. लहानपणापासून.’ लोकांना हसायचं होतं, ते हसले. निवेदिता माझ्या कोपराला धरून म्हणाली, ‘रेवती, जरा मदत करतेस? प्रेसमधून कचऱ्याची पिशवी काढून दे ना. सिंकखाली आहे.’ तिला फक्त मला त्या खोलीतून बाहेर काढायचं होतं. तिला काही माहीत नव्हतं; असतं तर तिनं मला दुसरं कुठलंही काम सांगितलं असतं.

मी वाकून प्रेस उघडलं. पिशव्यांचं पुडकं, भांडी घासायचं लिक्विड, मागे स्टीलचं नळकांडं आणि त्याच्या टोकाशी काचेच्या छोट्या चकतीतून दिसणारा निळा प्रकाश. बाजूला भिंतीवर सॉकेट. त्याच्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. एक नाही, तीन थर, आडवे-उभे, कडा नीट दाबलेल्या. हॉस्पिटलातली पट्टी, जखमेवरच्या कापसावर लावतात ती. मार्चमध्ये मी इथे आले होते, गाळणी बघितली होती. तेव्हा ती पट्टी नव्हती. मी बसून राहिले. जो दिवा कुणी कधी बंद केला नाही, त्याच्या बटणावर माणूस पट्टी का लावील? आणि मग मला आई दिसली, पुण्याच्या घरात, दोन्ही पायांत चपला, रिक्षा खाली उभी, आणि ती अजून आत फिरते आहे: गीझर, मिक्सर, टीव्ही, मोबाइलचा चार्जर, एकेक बटण अंगठ्यानं खाली. एकदा चार दिवस गावाला जाताना तिनं फ्रीजही बंद केला होता. रात्री झोपण्याआधीसुद्धा. चालू बटण तिला बघवत नसे, कुणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखं. आम्ही तिला चिडवायचो. आपल्या घरांतून वाढलेलं कुणीही हेच करील. कपाटात, बंद दारामागे, कुणी बघत नसताना जळणारा दिवा!

‘पिशवी मिळाली?’ मागे शिरीषचा आवाज.

‘कुणी बंद केला होता?’

त्यानं स्वयंपाकघराचं दार लोटलं. ‘हळू बोल. माणसं आहेत.’

‘कुणी, शिरीष?’

तो माझ्याशेजारी उकिडवा बसला, लहानपणी आम्ही पलंगाखाली बसायचो तसा. ‘आईनं. किती दिवसांपासून ते माहीत नाही. एक आठवडा, जास्त. तिला रक्त पडायला लागलं त्या दिवशी मी प्रेस उघडलं. आत अंधार होता.’

‘त्या दिवशी मी तुला विचारलं होतं, रक्त आहे का.’

‘हो.’

‘तू नाही म्हणालास.’

‘काय करणार होतो मी? तू आली असतीस. आणि आल्या आल्या काय केलं असतंस, सांग. आईचा हात धरायच्या आधी हे दार उघडलं असतंस. पाहुणी म्हणून कधी आलीयेस तू या घरात? आलीस की फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवतेस. तू सगळं बघितलं असतंस, आणि बघितलेलं तू लपवू शकत नाहीस. मग कागदोपत्री काय आलं असतं? बाई स्वतःच्या हातानं गेल्या. आपल्या आईबद्दल. मी दिवा लावला. तिला वाचवायचा प्रयत्न केला. मला वाटलं ती वाचेल, रेवा. खरंच वाटलं. मग तुला सांगणारच होतो, हसत.’

तो खरं बोलत होता, निदान इतकं तरी खरं की त्याचा आवाज फुटला. आणि माझ्याबद्दल तो बोलला तेही खरं होतं, मी दार उघडलंच असतं. पण हात धरला नसता हे त्यानं कुठून आणलं? ती बोलू शकत होती असे सगळे दिवस त्यानं माझ्याकडून काढून घेतले होते, कारण त्याच्या हिशेबात मी तपासणीस होते, आणि तपासणिसाला आई नसते. माझे कान गरम झाले होते. मला त्याला मारायचं होतं, नुसतं तसं वाटत नव्हतं. माझा हात उचललेला होता आणि मी तो सिंकच्या कडेवर ठेवला.

‘तिला सांगितलं होतंस?’ मी विचारलं.

‘काय?’

‘दिवा कशासाठी आहे ते. ती इथे राहायला आली तेव्हा.’

बाहेर कुणीतरी शिरा छान झालाय म्हणत होतं.

‘पाण्यात शेण येतं असं तिला सांगितलं असतं तर ती एक दिवस राहिली नसती,’ तो म्हणाला. ‘तुला माहीत आहे ती. परत गेली असती पुण्याला. निवेदिताच्या नाइट्स, माझे ऑनकॉल, शर्वाणीला शाळेतून कोण आणणार होतं? मला ती हवी होती इथे. म्हणून म्हटलं कशाला सांगायचं. चालूच तर असतो.’

मी उठले. त्यानं माझी बाही धरली. ‘कुणाला सांगणार आहेस? मी अधिकाऱ्यांपासून लपवलं, डॉक्टर असून. माझं रजिस्ट्रेशन जाईल. शर्वाणीचा विचार कर. आणि आईचा. लोक म्हणतील, म्हातारीनं दिव्याचे पैसे वाचवायला...’

‘बाही सोड.’

‘तो कोथिंबीरवाला कोण लागतो तुझा?’

‘शिरीष, बाही सोड.’

मागच्या दारानं मी बाहेर आले. टेकडीवर वारा होता आणि खालच्या शेतातून ताज्या खताचा वास येत होता. अंगणाच्या कोपऱ्यात बोअरचं सिमेंटचं झाकण, त्याच्याजवळ शर्वाणीची सायकल आडवी पडलेली. मी ब्रीजचा नंबर लावला. रविवार होता, ती उचलणार नाही असं मला वाटलं, आणि मला ते हवंही होतं. तिनं उचलला. मागे मॅचचा आवाज होता.

‘रेवती? ठीक आहेस ना?’

‘ऑगस्टच्या प्रकरणात भर घालायची आहे. लेटरकेनीची. माझ्या आईची.’

आवाज दूर गेला, दार लावल्याचं ऐकू आलं. ‘हे बघ,’ ती सावकाश म्हणाली, ‘तू त्यात बोलू शकत नाहीस. तू अधिकारी आहेस, आणि ते तुझं घर आहे.’

‘मी अधिकारी म्हणून बोलत नाहीये. तू नातेवाइकांचे जबाब घेतले होतेस, माझा घेतला नाहीस. मी मुलगी आहे तिची. घे.’

खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. शिरीष अजून सिंकपाशीच उकिडवा होता. निवेदिता दारात येऊन उभी राहिली होती आणि त्याला काहीतरी विचारत होती.

‘थांब, पेन घेते,’ ब्रीज म्हणाली. ‘हं. बोल.’

‘निदान आठ दिवस दिवा बंद होता. नमुने घेण्याआधी माझ्या भावानं तो चालू केला. कोथिंबिरीचा यात संबंध नाही, हे त्या दुकानदाराला तू स्वतः जाऊन सांग.’

ती लिहीत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता. ‘आणि बंद कुणी केला?’

माझ्या घशात ते वाक्य तयार होतं, चार शब्दांचं, आणि ते उच्चारलं की ते कायमचं आईच्या नावावर जाणार होतं. काल पावसात मी अनोळखी पोरांना ओळीनं उभं करून सांगितलं होतं, हे काय आहे, ते काय आहे, का आहे. एकेकाला.

‘तिला कुणीही सांगितलं नव्हतं, तो कशासाठी आहे ते,’ मी म्हणाले. ‘मुलानं नाही, सुनेनं नाही, मीही नाही. घरात तीन शिकलेली माणसं. हे लिही.’

‘लिहिलं.’

‘आता लिही, दिवा आईनं बंद केला.’

पेनाची खरखर ऐकू आली. मग ती म्हणाली, ‘मी ते वर घेईन. कुणी बंद केला ते पहिलं येतं, पद्धत तशी आहे.’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘मी सांगितलं त्याच क्रमानं.’